हौदात न पडलेली माती

निंबाला बोलतं करायला फार काही लागत नाही, कुणीतरी विचारलं की झालं. पण गेली आठ वर्षं विचारणारंच कुणी नव्हतं. देवपुरातल्या एका कॉलेजच्या व्यायामशाळेत त्यानं सदतीस वर्षं शिपाई म्हणून काढली. कुस्तीच्या हौदाची माती खणली, मल्लखांबाला एरंडेल चोळलं, पोरांचे लचकलेले खांदे ओढून जागेवर बसवले, आणि एका मेअखेरीला शाल-नारळ घेऊन तो घरी आला. घर म्हणजे पांझरा नदीकडे उतरणाऱ्या गल्लीतली एक खोली. बायको धुरपदाबाई होती तोवर त्या खोलीला घर म्हणता येत होतं. तिला जाऊन आता चार वर्षं झाली. मुलगी ज्योती दीपनगरला असते, जावई तिथं वीजकेंद्रात आहे. दर रविवारी तिचा फोन येतो. जेवलात का, गोळी घेतली का, एवढं विचारते, आणि मागं कुकरची शिट्टी झाली की ठेवते. तिचा काही दोष नाही, तिला तिचा संसार आहे. पण रविवार ते रविवार मध्ये सहा दिवस पडतात आणि ते केवढाले असतात, हे एकट्या माणसालाच ठाऊक.

दारात पत्र्याच्या तेलाच्या डब्यात एक तुळस आहे. धुरपदाबाईनं लावलेली. सकाळी सातला आंघोळ झाली की निंबा तिला तांब्याभर पाणी घालतो आणि तिच्याशी बोलतो. बोलतो म्हणजे काय, कालची डाळ खारट झाली, पाय सुजलाय, कोपऱ्यावरचा वाणी उलट बोलला, असलंच काहीतरी. हसायचं तर खुशाल हसा, पण त्याचं ऐकून घेणारं दुसरं कुणी असेल तर दाखवा.

मग तो व्यायामशाळेकडे निघायचा. एक किल्ली अजून त्याच्यापाशी होती. ती परत मागायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही, इतकी त्या जागेची किंमत उरली होती. पोरं आता हायवेवरच्या जिममध्ये जातात, तिथं भिंतभर आरसे आहेत म्हणे. इथं हौदात मांजरं बाळंत होत. निंबा कुलूप काढायचा, हौदाच्या काठावर बसायचा, मातीवर थोडं पाणी शिंपडायचा. तासाभरानं कुलूप लावून परत यायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, जरा काम होतं.

तर अशा माणसाच्या दारात मागच्या दिवाळीनंतर रोहिणी मॅडम येऊन उभ्या राहिल्या. कॉलेजात इतिहास शिकवतात, चाळिशीच्या आतल्या, बोलायला गोड. त्यांनी सांगितलं, व्यायामशाळा पाडायची ठरली आहे, तिथं मोठा हॉल होणार. पाडायच्या आधी डिसेंबरात जुन्या खेळाडूंचा मेळावा आहे आणि एक स्मरणिका निघणार आहे. तिच्यात व्यायामशाळेचा इतिहास हवा. ऑफिसातली फाईल वाळवीनं खाल्ली होती.

"आता तुम्हीच आमची फाईल, आबा," मॅडम म्हणाल्या.

निंबानं आधी चहा ठेवला. साखर जास्तच पडली. मॅडमनी फोन स्टुलावर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं, आणि आठ वर्षांचं तुंबलेलं बोलणं एकदम सुटलं. त्यानं सांगितलं की बासष्ट साली पोरांनी श्रमदानानं पांझरेच्या पात्रातले दगड वाहून पाया भरला. मल्लखांबाचं सागवान सातपुड्यातून बैलगाडीनं आलं, आणि गाडीवान त्यावरच बसून आला म्हणून पहिले मास्तर शालिग्राम सर त्याला रागावले होते. बहात्तरच्या दुष्काळात इथंच सुकडी वाटली गेली, तेव्हा वर्षभर कुणी कुस्ती खेळलं नाही, कारण उपाशी पोटी कोण खेळणार. एका वर्षी परीक्षेचे पेपर इथं घेतले आणि मातीमुळं सगळ्या उत्तरपत्रिका लाल झाल्या. यातलं बरंचसं त्याच्या आधीचं होतं, पण सरांनी सांगितलेलं त्याला पाठ होतं.

"आणि नागपंचमीची माती," तो म्हणाला.

ही चाल शालिग्राम सरांनी घातलेली. कॉलेजात नवा आलेला प्रत्येक खेळाडू नागपंचमीला आपल्या गावाहून मडकंभर माती आणायचा. हौदाची पूजा व्हायची, नारळ फुटायचा, मडकी भिंतीला ओळीनं मांडली जायची. दुसऱ्या दिवशी पहाटे ती माती हौदात कालवायची. सर म्हणायचे, एकदा मिसळली की दोंडाईच्याची कोणती आणि यावलची कोणती, देवालाही सांगता यायची नाही. मग इथं कोणी कोणाच्या गावावरून भांडायचं नाही.

मॅडमचे डोळे भरून आले. "म्हणजे सगळ्या खानदेशची माती या एका हौदात आहे, आबा?"

निंबानं दारातल्या तुळशीकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो. याच हौदात."

आता खरं काय ते इथंच सांगून टाकतो, कारण निंबा काही सांगणार नव्हता. त्या हौदात खानदेशची माती मुळी नव्हतीच. कशी असेल? आपल्याकडची माती काळी, कपाशीची. ओली झाली की पायाला गोळे धरते, सुकली की फरशी होते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कुस्तीला लागते लाल माती, चाळून घेतलेली, तिच्यात ताक, हळद, तेल, कडुनिंबाचा पाला घालून मऊ केलेली. सरांचं मन मोठं होतं, पण हौद खणायचं फावडं सरांच्या हातात नव्हतं, निंबाच्या हातात होतं. नोकरीला लागल्यावर पहिली दोन वर्षं त्यानं इमानानं सगळी मडकी हौदात रिकामी केली. एक्क्याऐंशीच्या दिवाळीनंतर दोंडाईच्याचा कुंदन नावाचा पोरगा हौदात पाठीवर आदळला आणि त्याचं खांद्याचं हाड मोडलं. लोक म्हणाले, समोरच्याचा डाव जबर. निंबानं हौदात हात घातला तर खालची माती दगड झाली होती. त्यानं तीन दिवस खणून सगळी काळी माती उपसून काढली. कुणाला काही बोलला नाही. सरांना सांगितलं असतं तर त्यांचं मन मोडलं असतं.

पुढच्या नागपंचमीपासून पूजा तशीच व्हायची, नारळ तसाच फुटायचा, मडकी तशीच मांडली जायची. पण पहाटे कालवायचं काम एकट्या निंबाचं. तो मडकी उचलायचा आणि व्यायामशाळेच्या मागं, कॉलेजनं दिलेल्या आपल्या क्वार्टरशेजारी नेऊन ओतायचा. मडकी धुऊन पालथी घालायचा. पहिल्या वर्षी तो उकिरड्याकडे निघाला तेव्हा धुरपदाबाई आडवी आली होती.

"पोऱ्यास्नी माती शे ती," ती म्हणाली. "उकिरडावर नका टाकू. आठे आना, मी वांगा लावस."

तिनं ती माती क्वार्टरशेजारीच ओतून घेतली, तिचा वाफा केला आणि त्यात भरताची वांगी लावली. वांगी अशी येत की एक वांगं हातात मावत नसे. स्पर्धेला संघ निघायचा त्याच्या आदल्या दिवशी ती कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून परातभर भरीत करायची आणि सगळ्या पोरांना ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर वाढायची. पोरं बोटं चाटायची. आपण काय खातोय ते त्यांना काय ठाऊक. अशी पस्तीस वर्षं गेली.

फक्त एका मडक्यातल्या मातीत वांगी येईनात. पंच्याऐंशी साली भुरा नावाचा पावरा आदिवासी मुलगा आला होता, नर्मदेच्या काठच्या एका पाड्यावरचा. त्याच्या गावची माती तांबूस आणि नुसती खड्यांची. हौदात टाकली तर पोरांची पाठ सोलली असती. ती माती त्याची आई चमेलीबाई स्वतः घेऊन आली होती. डोंगर पायी उतरून, मग एसटीनं, मडकं मांडीवर घेऊन. दोन दिवस ती निंबाच्या क्वार्टरमध्ये राहिली. तिला अहिराणी येत नव्हती आणि धुरपदाबाईला पावरी, पण दोघी चुलीपुढं बसून कशावर तरी पोट धरून हसायच्या. ती गेल्यावर धुरपदाबाईनं ती माती टाकू दिली नाही. तेलाचा रिकामा डबा घेतला, बुडाला खिळ्यानं भोकं पाडली, माती भरली आणि तुळस लावली. पाणी झिरपून जातं, मूळ कुजत नाही, तुळशीला हीच बरी, असं तिचं म्हणणं. तुळस काय, तीन-चार वर्षांत वाळते. पण तिचंच बी तिच्याच बुंध्याशी पडतं आणि नवी उगवते. डबा गंजला की दुसरा डबा, माती तीच. क्वार्टर सुटलं, वाफ्यावर पार्किंगच्या फरश्या बसल्या, तुळस तेवढी खोलीवर आली.

हे सगळं पोटात ठेवून निंबा "याच हौदात" म्हणाला होता. बाई एवढ्या आशेनं बघत होती, तिला काय नाही म्हणायचं.

मॅडमनी लेख लिहिला तो असा की वाचणाऱ्याला हुंदका यावा. स्मरणिकेच्या आधीच तो फोनवरून जिकडंतिकडं गेला. आणि निंबाचा फोन वाजायला लागला. आधी भुसावळहून, मग चोपड्याहून, मग एकदा सुरतहून. निंबाभाऊ, ओळखलं का, माझा कान तुम्ही पिळला होता. निंबाभाऊ, आमच्या गावची माती आहे ना हो तिथं? आहे तर, निंबा म्हणायचा, न असायला काय झालं. कुंदन आता दोंडाईच्याचा मोठा मिरचीचा व्यापारी झाला होता, त्यानंच मेळाव्याची सगळी धुरा उचलली होती. त्यानं ठरवलं की हौद बुजवायच्या आधी त्यातली माती छोट्या बाटल्यांत भरून प्रत्येकाला द्यायची आणि ती निंबाभाऊंच्या हातून द्यायची. निंबाला नवा सदरा शिवला गेला. पंधरा दिवस रोज कुणी ना कुणी बोलायला होतं, आणि निंबा सुखात होता, अगदी लहान पोरासारखा. तुळशीला पाणी घालतानाही फोन कानालाच. सांगायला लाज वाटते, पण त्या पंधरा दिवसांत तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

मग भुराचा फोन आला.

"निंबाभाऊ, भुरा बोलतोय. शहाद्याच्या बाजूला पुनर्वसनाच्या वसाहतीत असतो आता. आश्रमशाळेत मास्तर होतो, रिटायर झालो."

निंबानं आवाज ओळखला. भुरा पूर्वीही असाच हळू बोलायचा, एकेक शब्द तोलून.

"आपला पाडा गेला ना धरणाच्या फुगवट्यात," भुरा म्हणाला. "तीस वर्षं झाली. ट्रक आले तेव्हा पाणी शेतात शिरलं होतं. आईला मूठभर माती घ्यायची होती, तेवढंही जमलं नाही. आता ती नव्वदीला आली. अंथरुणावर आहे. एकच धोशा लावलाय, मी गेले की गावाची माती उशाला ठेव. मी म्हणायचो, कुठून आणू, पाण्यात बुडी मारू का? परवा पोरानं तुमचा लेख वाचून दाखवला. आई उठून बसली, निंबाभाऊ. म्हणाली, मीच नेऊन दिली होती."

निंबानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मिसळली असेल सगळ्यांत, माहीत आहे मला," भुरा म्हणाला. "पण आहे ना तिथं?"

"तू ये," निंबा म्हणाला, आणि फोन ठेवला.

तो डब्यापाशी जाऊन बसला. बुंध्याशी बोटानं उकरलं तर ते तांबूस खडे वर आले, धुतल्यासारखे स्वच्छ. आता सरळ रस्ता काय होता? भुराला हौदातली लाल माती बाटलीत भरून द्यायची. म्हातारी उशाला घेऊन जाईल, भुरा आयुष्यभर उपकार मानेल, सगळं जिथल्या तिथं. कुणाला पत्ता लागला नसता. खरं सांगायचं तर चार लोकांत पहिल्यांदा मिळालेली खुर्ची जाईल, ही भीती होतीच. पण दुसरी भीती त्याहून मोठी होती. खरं बोलला तर तुळस द्यावी लागणार होती. धुरपदाबाईच्या हातचं त्याच्यापाशी दुसरं काही उरलं नव्हतं. लुगडी ज्योती घेऊन गेली, भांडी पुतण्यांनी नेली. त्या दिवशी त्यानं स्वयंपाक केला नाही.

दुसऱ्या दिवशी तो उठून कॉलेजात गेला आणि रोहिणी मॅडमना स्टाफरूमच्या दारात गाठलं.

"मॅडम, त्या इतिहासात एक चूक झाली. माती हौदात नाही."

मॅडम हातातले गठ्ठे सांभाळत हसल्या. "आबा, स्मरणिका छापून आली सुद्धा. आणि किती सुंदर आहे ते, राहू द्या ना. घाबरलात का भाषणाला?" त्यांना तासाला उशीर होत होता.

मेळावा रविवारी झाला. व्यायामशाळेला झेंडूची तोरणं बांधली होती, मांजरं कुणीतरी हाकलली होती. तीनशे माणसं आली असतील, बहुतेक पोटं सुटलेली, गुडघ्याला पट्टे लावलेली. हौदाभोवती खुर्च्या मांडल्या होत्या आणि बाहेर मांडवात वांगी भाजल्याचा वास सुटला होता, कारण डिसेंबरात खानदेशात जेवण म्हटलं की भरीतच. निंबाला मधल्या खुर्चीत बसवलं. त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली. मागच्या ओळीत, खांबाला टेकून, भुरा उभा होता. केस पांढरे, अंगानं तसाच काटक. हातात पितळेची एक डबी होती, झाकणाला फडकं बांधलेली.

ती डबी पाहिली आणि निंबाचं काय ते ठरलं.

कुंदननं त्याच्या हातात माईक दिला. निंबा उभा राहिला. त्यानं आयुष्यात भाषण केलं नव्हतं.

"मी खोटं बोललो," तो म्हणाला. "तुमची माती या हौदात नाही. कुंदन, तुझं हाड डावानं मोडलं नाही, काळ्या मातीनं मोडलं. त्यानंतर मी कुणाचंच मडकं हौदात ओतलं नाही. मागं नेऊन टाकलं. माझ्या मालकिणीनं त्यात वांगी लावली. तुम्ही स्पर्धेच्या आदल्या दिवशी जे भरीत खायचात, ते त्याच वांग्यांचं."

 मग कुंदननं माईक ओढून घेतला. "म्हणजे निंबाभाऊ, आम्ही आमचीच गावं भरतात कालवून खाल्ली?"

आणि सगळी व्यायामशाळा हसण्यानं फुटली. माणसं मांड्या थोपटून हसायला लागली. कुणी म्हणालं, तरीच म्हटलं भरतात कचकच काय लागायची. कुणी शिट्टी वाजवली. कुंदन डोळे पुसत म्हणाला, आमचे निंबाभाऊ अजून तस्सेच मिस्कील आहेत बघा. टाळ्या पडल्या, शाल आली, नारळ आला, फोटो निघाले. निंबा दोनदा म्हणाला, "अरे खरं सांगतोय," पण माईक त्याच्या हातात नव्हता. तीनशे माणसांपुढं पाप ओकलं आणि कुणी ते घेईना. मग बाटल्यांची रांग लागली. निंबानं एकाही बाटलीला हात लावला नाही, तेव्हा कुंदननंच वाटल्या. लोक बाटल्या कपाळाला लावून भरीत खायला गेले.

हसला नव्हता तो एकटा भुरा. गर्दी पांगल्यावर तो जवळ आला.

"निंबाभाऊ, खरं शे का?"

"खरं शे."

भुरानं हौदाकडे पाहिलं. "तेव्हा सांगितलं असतं, तर मी ती परत नेली असती," तो म्हणाला. "तेव्हा गाव होतं."

 निंबानं मान खाली घातली. मग म्हणाला, "तुझी टाकली नाही. तेवढी एक टाकली नाही. चल माझ्यासोबत."

दोघं देवपुरातून चालत गेले. दारात आल्यावर निंबानं डब्याकडे बोट केलं आणि सगळं सांगितलं, तुझी आई कुठं बसली होती, माझी बायको काय म्हणाली, इथपासून. भुरा डब्यापाशी उकिडवा बसला. बुंध्याशी बोट घालून त्यानं एक खडा काढला, सदऱ्याला पुसला आणि तळहातावर धरला. 

"हाच," तो म्हणाला. "आमच्या वावरातला."

त्यानं डबीचं फडकं सोडलं. "मूठभर पुरे मला."

निंबानं खुरपं आणलं आणि कडेनं घातलं. पण चाळीस वर्षांच्या तुळशीखाली मोकळी माती उरते कुठं? जिथं खुपसावं तिथं मुळंच. केसासारखी बारीक मुळं एकेका खड्याला धरून बसली होती. जरा जोर केला तर अख्खी तुळस हलली आणि दोन फांद्या कलल्या. निंबानं हात आखडला. मूठभर माती काढायची तर तुळस मारावी लागत होती, आणि तुळस ठेवायची तर म्हातारी रिकाम्या उशानं जाणार होती.

"राहू द्या, निंबाभाऊ," भुरा म्हणाला. "वहिनींची आहे ती."

निंबा उठला. आत जाऊन तांब्या भरून आणला, तुळशीला पाणी घातलं, कललेल्या फांद्या सरळ केल्या. मग दोन्ही हातांनी डबा उचलून भुराच्या पुढं ठेवला.

"डबाच ने," तो म्हणाला. "आईला जित्या डोळ्यांनी बघू दे. त्या दोघींचीच आहे ती. मी नुसतं पाणी घालत होतो."

हे बोलताना त्याच्या जिवाचं पाणी झालं होतं, हे सांगायलाच हवं. उगाच त्याला संत करायचं कारण नाही. भुरा डबा घेऊन गल्लीच्या वळणापर्यंत गेला तोवर तीनदा तरी हाक मारून थांबवावं असं निंबाला वाटलं. त्यानं दाराची चौकट धरून ठेवली.

भुरानं एसटीत डबा मांडीवर घेतला असेल, दुसरं कुठं ठेवणार.

मेळावा झाला आणि फोन थांबले. लोकांचंही बरोबर आहे, बाटली मिळाली, आता कशाला फोन करतील. संक्रांतीनंतर जेसीबी आला आणि दोन दिवसांत व्यायामशाळा सपाट झाली. लाल माती भरावाला गेली. किल्ली तेवढी निंबाकडे राहिली, पण तिचं कुलूप कुठं गेलं कोण जाणे. सकाळी आंघोळ झाली की निंबा सवयीनं तांब्या भरायचा, दारापर्यंत यायचा, आणि फरशीवरच्या गंजाच्या चौकोनाकडे बघून परत फिरायचा. बोलायला आता तुळसही राहिली नव्हती. रविवारी ज्योतीनं विचारलं, आवाज असा का बसलाय, तर म्हणाला, थंडी आहे.

फेब्रुवारीत एका दुपारी भुराचा फोन आला. राम राम नाही की कसे आहात नाही. त्याच्या मनातली अढी अजून गेली नव्हती आणि ती जावी असं निंबालाही वाटत नव्हतं.

"आई विचारते, तुळशीला पाणी किती वाजता घालायचं?"

"काब्र? कशाला विचारते?"

"खाटेजवळ ठेवलीय तिच्या. माझ्या हातून घालू देत नाही, स्वतः घालते. म्हणते, तिची वेळ बदलायची नाही."

 "सकाळी सातला," तो म्हणाला. "आंघोळ झाल्यावर."

"बरं," भुरा म्हणाला, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सातला निंबानं तांब्या भरला आणि दारात येऊन उभा राहिला. या वेळी तो परत फिरला नाही. तिकडं म्हातारीचं पाणी घालून झालं असेल एवढा वेळ तो तसाच उभा राहिला. मग हळूच म्हणाला, कालची डाळ पुन्हा खारट झाली.